बांगड्यांचं पान

“बांगड्या उतरवजा, शकुबाई. फोडजा नोको. बाराच्या बारा साबूत पायजेत मले.”

जमीला हे बोलली तेव्हा तिच्या अंगात उठून बसायची ताकद नव्हती. आवाज मात्र बाजारात गिऱ्हाइकाला दम देतानाचाच होता. कार्तिक महिना होता, सन पंचावन्न. मी तिच्या उशाशी बसून तिचे हात तेलानं चोळत होते. हात इतके वाळले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत आणि परत मनगटावर येत. उतरवायला तेलाची गरज नव्हती. तरी मी लावलं. जाणाऱ्या माणसाच्या हातून काही काढायचं तर ते ओरबाडल्यासारखं होऊ नये.

“अन् त्याईले सांगजा,” ती म्हणाली, “याचं पान करा म्हना. खैरुनचं पान.”

“सांगीन.”

“नुसतं सांगजा नोको. करवून घेजा. तो मानूस हो म्हनते अन् दुसरंच करत बसते.”

मी हो म्हणाले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, खरं बोलते की नाही ते तपासलं आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिला न्हाऊ घालायला त्यांच्या बाया आल्या, त्याआधी मी बांगड्या उतरवल्या. बारा हिरव्या बांगड्या, जाडसर, घरच्या भट्टीच्या. पदरात बांधून मी त्या तिच्या नवऱ्याच्या, इनायतभाऊंच्या हातावर ठेवल्या आणि निरोप सांगितला. ते नुसते मान हलवत राहिले.

खैरुन त्यांची एकुलती एक मुलगी. दिवाळी झाली की इनायतभाऊ आणि जमीला बांगड्यांच्या पेट्या घेऊन आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलगावांत जायचे, पोरीलाही न्यायचे. एकोणपन्नास साली तिकडेच, कोरेपल्ली नावाच्या वीसपंचवीस घरांच्या माडिया गावात, चार वर्षांच्या त्या पोरीला ताप भरला आणि दोन दिवसांत ती गेली. जवळपास कबरस्तान नव्हतं. लालसू नावाच्या तिथल्या म्हाताऱ्यानं आपल्या मोहाच्या झाडाखाली जागा दिली आणि त्यांच्या रीतीनं वर एक उभा दगड रोवला.

मोहाचं झाड फाल्गुनात उघडं पडतं. आधी पानं गळतात, मग फुलं येतात. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. एका वर्षी जमीला नेमकी त्या दिवसांत तिथे पोहोचली. खाली काळी राख, राखेत तो दगड, आणि वर एक पान नाही. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं की पोरीजवळ एक पान असं असावं, जे गळणार नाही. नवऱ्याला म्हणायची, “सारं जंगल काचेचं करून राह्यले तुमी. पोरीले एक पान करता नाई येत?”

सारं जंगल म्हणायची ते खोटं नव्हतं. आमच्या चामोर्शीत इनायतभाऊंचं घर आणि आमचं घर यांच्यात एक कुंपण, आणि कुंपणाला लागून त्यांची भट्टीची झोपडी. त्यांचे वडील फिरोझाबादेकडून आले, तेव्हापासून तिथे बांगड्या व्हायच्या. पुढे रेल्वेनं चांद्याला, बल्लारपूरला चकचकीत, पातळ, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या येऊ लागल्या. आमच्या बाजारातल्या बाया इनायतभाऊंच्या जाड बांगड्या हातात घेऊन बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. दुसरा कोणी असता तर त्यानं त्या चकचकीत बांगड्याच आणून विकल्या असत्या. ते काम जमीलानं केलं. इनायतभाऊ भट्टीपुढे बसले ते बसलेच. फुटक्या बांगड्या, बाटल्यांच्या काचा वितळवून ते पाखरं करायला लागले. मग बगळा, खवल्या मांजर, धानाची ओंबी, पाण्यावरचा चतुर. चतुराचे पंख असे की मी जवळ श्वास सोडायला भ्यायची. झोपडीत एका फळीवर हे सगळं ओळीनं मांडलेलं असायचं. बाजारच्या दिवशी खेड्यातले लोक वाकून बघायचे आणि विचारायचे, “याचं करतेत काय, भाऊ?”

“काई नाई,” इनायतभाऊ सांगायचे. “पाहतेत.”

“पाहाले तर जंगल पडलंच हाय ना.”

“हो. मी बी तेच पाहून करतो.”

लोक त्यांना काचवेडा म्हणत. पण पान त्यांनी केलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बगळ्याचं काय, चुकला तर दुसरा करता येते.” एवढंच. मग फुंकणी तोंडाला लावली, म्हणजे आता बोलायचं नाही.

जमीला गेल्यावर त्या बारा बांगड्या फळीवर बगळ्याच्या गळ्यात अडकवून ठेवलेल्या असत. मी कुंपणातून रोज बघत असे. पौष गेला, माघही सरत आला. मी बोलावं की नाही या विचारात होते. एक दिवस ते स्वतःच कुंपणाशी आले आणि माझ्या शेजारच्या खांबाकडे बघून म्हणाले, “बाई, तुमीच ना?”

तेव्हा मला कळलं. वीस-पंचवीस वर्षं भट्टीच्या तोंडात बघून बघून त्यांच्या डोळ्यांत सायीसारखा पडदा आला होता. चांद्याला दाखवून आले होते. तिथे सांगितलं, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही, पिकला की काढू, वर्षभरानं या.

“उजेड दिसते,” ते म्हणाले. “मानूस दिसते, कोन ते नाई दिसत. अन् रंग तर गेलाच. काचेत रंगच सारं असते, बाई. कच्ची असली अन् ओढली तर तडकते. जास्त तापली तर मधावानी गळते. दोन्हीच्या मधात एक रंग येते, तेवढ्यात हात चालवा लागते. तो रंग मले दिसत नाई.”

“मग वर्षभर थांबा.”

“वर्षानं डोळा आला तर आला.” त्यांनी कुंपणाचा खांब चाचपून धरला. “महाशिवरात्रीच्या जत्रेत मार्कंड्याले लालसूच्या गावचा मानूस भेटला. लालसू लय थकला म्हने. पोराईनं जागा वाटून घेतली. या साली होळी झाली का तेच झाडाखाली आग लावतीन. लालसूले मालूम हाय तो दगड कोनाचा ते. पोराईले कोन सांगन?”

होळीला पंधरा दिवस होते. पान करायचं, थंड होऊ द्यायचं आणि होळीच्या आत कोरेपल्लीला नेऊन लालसूच्या हयातीत त्या दगडापाशी ठेवायचं. नाहीतर मग जागा ओळखणाराही राहिला नसता.

“तुमी रंग सांगान काय?” त्यांनी विचारलं. “मी हात चालवीन.”

जमीलानं करवून घे म्हटलं होतं. ते असं करवून घ्यावं लागेल असं तिला किंवा मला वाटलं नव्हतं. मी हो म्हणाले, पण माझ्या नेमाची त्यांना आठवण करून दिली.

माझा नेम सगळ्या गल्लीला ठाऊक होता. पहाटे उठायचं, आंघोळ करायची, घागरीतलं ताजं पाणी आणि दिवा घेऊन गावाच्या शिवेवरच्या मातामायला जायचं. तिचे पाच दगड धुवायचे, शेंदूर लावायचा, दिवा ठेवायचा. तो दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. चव्वेचाळीस साली आमच्या ह्यांना देवी आल्या होत्या. सारं अंग भरलं होतं, डोळे मिटले होते. तेव्हा मी मातामायपुढे हा नेम बोलले, जन्मभरासाठी. हे वाचले. तोंडावर वण राहिले, पण वाचले. तेव्हापासून अकरा वर्षं एकही दिवस चुकला नव्हता. आमचे हे लोकांना सांगत, “आमच्या घरी दिवस निंगेपर्यंत कोनी मले रागवत नाई. म्हनून मी अंधारातच उठतो.”

“तुमचा दिवा होऊ द्या,” इनायतभाऊ म्हणाले. “मंगच काम. तसाही मले कोवळा उजेडच पायजे. उन्हात आगीचा रंग मरते.”

ठरल्या दिवशी मातामायवरून मी तशीच त्यांच्या झोपडीत गेले. दाराला पोत्याचा पडदा होता. भट्टीत धावड्याची लाकडं धगधगत होती. त्यांनी सहाच बांगड्या घेतल्या होत्या. “हात बसला नाई तर सहा तरी राहतीन,” म्हणाले. मातीच्या मुशीत त्या विरघळल्या. त्यांनी सळईच्या टोकावर तो गोळा उचलला, लोखंडी पत्र्यावर दाबून चपटा केला, सुरीच्या पाठीनं मधली शीर ओढली. हे सगळं हातांच्या सवयीनं, न बघता. मग शिरा काढायला आणि कडेला वळण द्यायला ते पान पुन्हा आगीत धरायचं होतं. तिथे मी हवी होते.

“लाल झालं का सांगा. मंग त्याच्या पुढचं सांगा.”

काच आधी काळसर होती. मग कुंकवासारखी झाली. मी म्हणाले, “कुंकू.”

“बरं.”

मग ती उजळली. मी रोज ज्या रंगात बोट बुडवते तोच रंग, सकाळी माझ्या नखात राहिलेला. मी म्हणाले, “शेंदूर.”

“हूं. होऊ द्या अजून.”

मला वाटलं, कामाचं त्यांना कळतं. मी गप्प राहिले. रंग आणखी उजळला. मी पुन्हा म्हणाले, “शेंदूर आहे, भाऊ. जास्तच शेंदूर.”

“होऊ द्या, होऊ द्या. कच्ची हाय.”

काचेची कड हळदीसारखी झाली. मी “अहो” म्हणेपर्यंत पान सळईवरून लांबलं, टोक वाकलं आणि सगळं मिळून एका थेंबासारखं खाली निखाऱ्यांत उतरलं. इनायतभाऊंच्या हाताला सळई हलकी लागली. त्यांनी ती बाहेर काढली आणि टोकाला बोट लावणार तेवढ्यात थांबले.

चिमट्यानं त्यांनी राख उकरली. जे निघालं ते काळं, खडे चिकटलेलं. पुन्हा वितळवायच्या लायकीचं नव्हतं.

“वाढली,” मी म्हणाले. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

त्यांनी तो गोळा राखेच्या कडेला ठेवला. मग म्हणाले, “वाढली, तर मंग कमी काऊन झाली, बाई?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

“मी दोनदा शेंदूर म्हटलं,” मी म्हणाले.

“म्हनून तर थांबलो. सिंदूर म्हंजे लाल. लाल म्हंजे कच्ची.”

“लाल?”

“मांगेत भरतेत तो सिंदूर. आमच्या बाच्या गावाकडे साऱ्या बाया भरतेत. लालबुंद असते.”

“इकडे तसा कोणी भरत नाही, भाऊ. आमचा शेंदूर मातामायचा. मारुतीचा. तो केशरी असतो.”

इनायतभाऊ चामोर्शीतच जन्मले, चामोर्शीतच म्हातारे झाले. मातामायच्या ओट्यावरून हजारदा गेले असतील. पण घरात वडिलांचा शब्द वडिलांच्या अर्थानंच राहिला. मला मारुतीपलीकडे शेंदूर माहीत नव्हता. सहा बांगड्या या एका शब्दात गेल्या.

मी घरी येऊन जेवले नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, “देवाधर्माचे रंग कायले घेता? बाहेर पाहा ना, जंगल कोनत्या रंगाचं होऊन राह्यलं.”

फाल्गुन लागला होता. शिवेपासून पुढे जिथवर नजर जाई तिथवर पळस फुलला होता. मी एक फांदी तोडून इनायतभाऊंकडे नेली. त्यांनी फूल डोळ्यांजवळ धरलं, मग बोटांनी चाचपलं.

“परसाचं फूल,” ते म्हणाले. पळसाला आमच्याकडे परसही म्हणतात. “हे तर दोघाईचं एकच हाय.”

“मी पळस म्हणेन तेव्हा काढा.”

“पक्कं. दुसरं काईच बोलू नोका. कुंकू नाई, हळद नाई. फक्त पळस.”

तीन दिवसांनी पुन्हा करायचं ठरलं, आधीसारखंच माझ्या दिव्यानंतर. त्या सकाळी मी घागर आणि दिवा घेऊन निघाले. अजून झुंजूमुंजू झालं नव्हतं. इनायतभाऊंच्या झोपडीवरूनच वाट जाते. पोत्याच्या फटीतून उजेड येत होता, नेहमीपेक्षा जास्त. मी थांबले.

त्या पहाटे वारा सुटला होता आणि लाकडं फार वाळलेली होती. भट्टी त्यांच्या अंदाजाच्या आधीच पेटली होती. मुशीतली काच तशीच ठेवली तर करपेल म्हणून त्यांनी गोळा उचलला, चपटा केला, मधली शीर ओढली आणि मी येईन या भरवशावर पान आगीत धरलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मी पडदा बाजूला केला तेव्हा ते सळई धरून बसले होते, चेहरा दाराकडे.

“बाई?” ते म्हणाले. “तुमीच काय?”

माझ्या हातात दिवा होता, न लावलेला.

“दिवा झाला काय तुमचा?”

मी बोलले नाही. काच कुंकवाची झाली होती. त्यांना हात लावून सांगता आलं असतं, असं पुढे मला पुष्कळांनी सुचवलं. पण आम्ही तसं काही ठरवलं नव्हतं; ठरलेला एकच शब्द होता. हात लावला असता तर त्यांना कळलं नसतं, काढ म्हणते की थांब म्हणते. काच उजळत गेली. मला आमच्या ह्यांचा देवी आलेला चेहरा दिसला, मिटलेल्या पापण्या, अंगाला लावलेला कडुलिंब. मी दारात उभी राहून मनात मातामायला म्हणाले की माझ्याकडून घे, त्यांच्याकडून घेऊ नको.

“बाई,” इनायतभाऊ हळूच म्हणाले, “शेवटच्या सहा हायेत.”

“पळस,” मी म्हणाले.

त्यांनी सळई बाहेर काढली. त्यानंतर त्यांचे हात जे चालले ते मी कधी विसरणार नाही. सुरीच्या पाठीनं एकेक शीर, डावी, उजवी, डावी, मग चिमट्यानं कड जराशी उचललेली, टोकाला वळण. दहा श्वासही झाले नसतील. लगेच त्यांनी पान सळईपासून सोडवून धानाच्या कोंड्याच्या राखेत पुरलं. ती राख आतून धुमसत असते. काच तिच्यात हळूहळू निवते, एकदम वारा लागला तर आपोआप तडकते.

“तीन दिवस,” ते म्हणाले. “कोनी हात लावाचा नाई. मी बी नाई.” मग त्यांच्या लक्षात आलं. “बाई, तुमचा दिवा?”

मी तिथून निघाले आणि मातामायला गेले. दगड धुतले. शेंदूर लावला.

ओटा झाडायला सुकरी नावाची म्हातारी येत असे. मातामायचं सगळं तिला कळतं असं गाव मानायचं. दिवा लावल्यावर मी तिला सांगितलं की आज मी आधीच बोलले.

तिनं झाडू थांबवला. “कोनासाठी?”

“जमीलाच्या पोरीसाठी.”

“जमीला, बांगड्यावाली? तिची पोरगी तर मेली.”

“तिच्यासाठीच.”

सुकरीनं पाचही दगडांकडे आळीपाळीनं बघितलं, जणू एकेकीला विचारते आहे. “काय बोलली?”

“पळस.”

“एवढंच?” तिनं कचरा एका बाजूला ओढला. “मंग पोरीपर्यंत पोचव ते. आता अर्ध्यावर सोडशीन तर इकडची बी जाशीन, तिकडची बी. तवरीक इथला दिवा मी लावतो.”

घरी हे बैलांना पाणी पाजत होते. मी सगळं सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. नेम त्यांच्याच जिवावर बोललेला होता. त्यांनी ऐकून घेतलं. बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, “म्हंजे मी आता मरतो काय?”

“असं बोलू नये.”

“तूच तर बोलली.”

मला रडू आलं. त्यांनी बादली खाली ठेवली. “हे पाह्य,” म्हणाले, “मातामायनं मले वाचवलं तवा तुले मुकी करासाठी नाई वाचवलं. अकरा वर्षं तू पहाटेचं बोलली नाई. एक दिवस एक शब्द बोलली, तो बी फुलाचं नाव. तिले राग येते काय?”

येतो की नाही ते मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. त्या तीन दिवसांत हे शिंकले तरी माझा जीव खालीवर व्हायचा. पाण्यापलीकडे मी काही घेतलं नाही. ते मात्र दोन वेळा पोटभर जेवत आणि मला दाखवून ढेकर देत.

चौथ्या दिवशी सकाळी दिवा झाल्यावर हे आणि मी झोपडीत गेलो. इनायतभाऊंनी राखेत आधी हाताची पाठ घातली, मग बोटं. राख निवली होती. त्यांनी पान वर काढलं, कपड्यानं पुसलं आणि गालाला लावलं. मग कडेवरून अंगठा फिरवत गेले, थांबले, परत फिरवत गेले.

“तडा हाय काय?” त्यांनी विचारलं.

मी उजेडात धरून पाहिलं. तळहाताएवढं पान. रंग बांगड्यांपेक्षा गडद झाला होता. देठाजवळ एक बुडबुडा अडकला होता. उजवीकडची तिसरी शीर कडेपर्यंत पोहोचली नव्हती, मधेच संपली होती. तडा नव्हता. मी जसं होतं तसं सांगितलं.

“मोहाचं वाटते?”

आमच्या ह्यांनी कुंपणापलीकडच्या मोहाचं गळलेलं पान आणून शेजारी धरलं. “खरं पान बी असंच हाय,” ते म्हणाले. “याची बी एक शीर किड्यानं खाल्ली.”

इनायतभाऊ हसले. जमीला गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी ते पान कोंडा भरलेल्या टोपलीत ठेवलं, वरून आणखी कोंडा ओतला आणि तोंडाला फडकं बांधलं. होळीला सहा दिवस राहिले होते.

“उद्या निंगतो मी,” ते म्हणाले. “आष्टीपर्यंत पायी. तिथून लाकडाचा ट्रक भेटला तर आलापल्ली. पुढचा रस्ता पायाले मालूम हाय.”

“एकटे?” हे म्हणाले.

“मंग कोन हाय?”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. सुकरी काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलंच होतं. ते कान खाजवत म्हणाले, “एक आंधळा. अन् दुसरी दिवस निंगेपर्यंत मुकी. दोघाईची जोडी बरी जमली. पर रस्ता कोन इचारन? मलेच याव लागते. गाडी जुपतो आष्टीपर्यंत. बैल तिथंच बहिनीकडे ठेवू.”

“लटारूभाऊ, तुमचं काम—” इनायतभाऊ ह्यांना म्हणाले.

“धान तर घरात आलं. आता काम काय, घरी बसून बायकोची चूप ऐकाची?”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ केली. घागर आणि शेंदराची पुडी सुकरीकडे आदल्या संध्याकाळीच दिली होती. ती दिवा कधी लावील हे मला वाटेत कळणार नव्हतं, म्हणून पान ठेवून परत येईपर्यंत रोज सूर्य पुरता वर आल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं. हे कोणाला सांगितलं नाही. दशम्या बांधल्या, तांब्याला फडकं गुंडाळलं. जमीलाची एक जुनी ओढणी इनायतभाऊंनी टोपलीखाली घडी करून ठेवली होती, टोपली हलू नये म्हणून.

गाडीत ते पाठीमागे बसले, टोपली मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. मी समोर. हे बैलांच्या मागे. मातामायच्या ओट्यावरून जाताना ह्यांनी गाडी उभी केली. अंधारात सुकरी वाकून दगड धूत होती. तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. मी गाडीतूनच हात जोडले. मग गाडी आष्टीच्या वाटेला लागली.

उजवीकडे दूर वैनगंगेवर धुकं होतं. डावीकडे जंगलाच्या कडेनं आभाळ निवळायला लागलं. इनायतभाऊंनी तोंड त्या बाजूला वळवलं. त्यांना उजेड कळत होता.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी बोलनार नाई, मालूम हाय मले. मीच सांगतो. आता आभाळ शेंदूर असन.”

मग म्हणाले, “तुमचा शेंदूर. आमचा नाई. बराबर असन तर टोपलीवर एकदा हात मारजा. हळू.”

मी आभाळाकडे नीट पाहिलं. उगाच हो म्हणायचं नव्हतं. मग हात पुढे करून टोपलीवर एकदा, आतल्या पानाला धक्का लागणार नाही इतकं हळू, बोट टेकवलं.

“चला,” हे बैलांना म्हणाले.